हॉपकिन्स अभ्यासायचा तर कुठली प्रत घ्यावी?

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) एम.ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दोन-चार कवितांपुरता भेटतो. तेवढ्यासाठी पुस्तक कशाला घ्यायचे, नेटवर सगळे मिळतेच, असा बहुतेकांचा हिशेब असतो. टेनिसनच्या बाबतीत तो चुकत नाही. टेनिसनची ओळ कुठल्याही छपाईत वाचा, लय सापडते. हॉपकिन्सने मात्र अक्षरांच्या डोक्यावर आघाताच्या खुणा केल्या, काही अक्षरांखाली कंस काढले आणि कुठली ओळ किती आत सरकवायची तेही ठरवून दिले. हे सारे त्याच्या छंदाचे भाग आहेत. ते गळले की ओळ म्हणायची कशी तेच कळत नाही.

म्हणून खाली ज्या प्रतींबद्दल लिहिले आहे त्यांची पारख याच कसोटीवर केली आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सचे 'द मेजर वर्क्स' घ्या, संपादक कॅथरिन फिलिप्स. खिसा आखडता असेल तर पेंग्विनचे 'पोएम्स अँड प्रोज', संपादक डब्ल्यू. एच. गार्डनर. १९१८ ची, हॉपकिन्सचा कविमित्र रॉबर्ट ब्रिजेसने काढलेली पहिली आवृत्ती फुकट मिळते. ती जवळ असावी, पण तिच्यावरच भिस्त ठेवू नये.

आता कारणे. सुरुवात आपल्या कानापासून करावी लागेल.

मराठी वृत्त लघु-गुरूवर चालते. अक्षरगणवृत्त असो की जाती, आपण मोजतो ती अक्षरे आणि मात्रा. इंग्रजीत मोजायचा असतो आघात, आणि स्वर दीर्घ असला म्हणजे आघात त्याच्यावरच पडतो असे नाही. 'द विंडहॉवर'च्या पहिल्या ओळीत 'मिनियन' शब्द आहे. त्यातला 'मि' ऱ्हस्व, तरी जोर त्याच्यावरच. या ओळीत दहा अक्षरे आणि पाच आघात, म्हणजे अगदी सरळ इंग्रजी सुनीताची ओळ. ती 'किंग' या अर्ध्या शब्दावर तुटते, आणि पुढची ओळ 'डम'ने सुरू होऊन सोळा अक्षरांपर्यंत जाते. आघात मात्र तिथेही पाचच. सहज म्हणायला गेले तर सहा पडतात, कारण 'डॅपल-डॉन-ड्रॉन' या जोडशब्दात 'डॅपल' आणि 'डॉन' दोन्ही जोर मागतात. पाचाचा हिशेब लावायचा तर 'डॅपल' घाईने उरकून 'डॉन'वर उतरावे लागते. मात्रा मोजणाऱ्या कानाला हे आपोआप कळणार नाही. त्याला खूण लागते.

या छंदाला हॉपकिन्स 'स्प्रंग रिदम' म्हणतो. त्याने आपल्या कवितांच्या प्रस्तावनेत दिलेला नियम असा: प्रत्येक गणात (इंग्रजीत 'फूट') एक ते चार अक्षरे, आघात पहिल्या अक्षरावर, आणि सगळे गण सारख्याच लांबीचे किंवा सारख्याच जोराचे धरायचे. कमी-जास्त असेल ते थांबून किंवा दाबून भरून काढायचे. ज्याने तबल्याचा ठेका ऐकला आहे त्याला हे सांगायला वेळ लागत नाही. दोन टाळ्यांमध्ये एक बोल बसवा नाहीतर चार, टाळीची जागा हलत नाही. फरक इतकाच की तालात ही समानता मात्रांनी मोजलेली असते आणि हॉपकिन्समध्ये ती म्हणणाऱ्याच्या आवाजात असते. या हिशेबाबाहेरची जादा अक्षरेही तो घालतो. त्यांना तो 'आउटराइड' म्हणतो आणि हस्तलिखितात त्यांच्याखाली कंस काढतो.

'हा छंद आपल्या ओवीसारखा मोकळा' असे वाक्य वर्गात हमखास ऐकू येते. ते सोडून द्यावे. ओवीत अक्षरसंख्या सैल असते आणि आघात मोजायचा प्रश्नच येत नाही. इथे अक्षरे सैल असली तरी आघातांची संख्या पक्की बांधलेली असते. याला मुक्तछंद म्हणणे त्याहून मोठी चूक.

तर दुकानात किंवा ग्रंथालयात प्रत हातात आली की तीन जागा उघडून पाहाव्यात.

पहिली 'स्प्रिंग अँड फॉल'. पंधरा ओळींची ही छोटी कविता १८८० ची. नवव्या ओळीत 'अँड येट यू विल वीप' असे शब्द आहेत आणि हॉपकिन्सने 'विल'वर आघाताची खूण केली आहे. खूण नसली तर तो साधा भविष्यकाळ होतो: पुढे तू रडशील. खूण असली तर जोर हट्टावर जातो: तरीही तू रडणारच, रडायचे सोडणार नाहीस. म्हणजे एका रेघेवर ओळीचा अर्थ फिरतो. त्याच कवितेच्या पहिल्याच शब्दावर, 'मार्गरेट'वर, दोन खुणा आहेत, पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावर. एरवी बोलताना त्या नावात एकच आघात ऐकू येतो. या खुणा छापलेल्या नसतील तर ती प्रत वाचायला बरी असेल, अभ्यासाला नाही.

दुसरी जागा 'द रेक ऑफ द डॉइचलँड'चे पहिले कडवे. जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी ७ डिसेंबर १८७५ च्या पहाटे टेम्सच्या मुखाबाहेरच्या वाळूच्या दांड्यावर जहाज रुतून बुडाल्या. त्यांच्यावरची ही पस्तीस कडव्यांची कविता. प्रत्येक कडवे आठ ओळींचे, आणि पहिल्या भागात आघात असे: दोन, तीन, चार, तीन, पाच, पाच, चार, सहा. दुसऱ्या भागात पहिल्या ओळीला दोनऐवजी तीन. ओळ किती आत सरकली आहे हे पाहून ही संख्या ओळखावी, असे हॉपकिन्सने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे डावीकडची ती नागमोडी कड ही छंदाची मोजपट्टी आहे. बऱ्याच संकेतस्थळांवर आणि फोनवरच्या ई-बुकात सगळ्या ओळी डाव्या समासाला चिकटतात, शिवाय लांब ओळी मधेच मोडून खाली उतरतात. 'स्पेल्ट फ्रॉम सिबिल्स लीव्ज'मध्ये आठ-आठ आघातांच्या ओळी आहेत, तिथे तर फोनवर ओळ कुठे संपली हेही कळत नाही. हा कवी फोनवर वाचू नये. निदान टॅबलेट आडवा धरावा, किंवा तेवढी पाने छापून घ्यावीत.

तिसरी जागा टिपांची. 'गॉड्स ग्रँजर'च्या दुसऱ्या ओळीतल्या 'फॉइल'वर टीप काय म्हणते ते पाहा. नुसते 'धातूचा पातळ पत्रा' एवढेच असेल तर टिपा कामचलाऊ आहेत. हॉपकिन्सने १८८३ च्या जानेवारीत ब्रिजेसला पत्र लिहून याचा खुलासा केला होता: त्याच्या मनात सोन्याचा वर्ख होता. हलवला की त्यातून आभाळभर पसरणाऱ्या विजेसारखा लखलखाट होतो, आणि त्याच्या चुण्या-सुरकुत्यांतून फाटे फुटलेल्या विजेसारख्या रेषाही दिसतात. हे पत्र ज्या टिपेत आले आहे ती टीप लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिले आहेत. तसेच 'विंडहॉवर'मधला 'सिलियन' आणि 'रंग अपॉन द रेन', आणि 'फेलिक्स रँडल'च्या शेवटचा 'सँडल' पाहावेत. पहिला म्हणजे नांगरटीत उलटून पडलेला मातीचा पट्टा, दुसरा घोडा लांब लगामावर गोल फिरवण्याचा वाक्प्रयोग, तिसरा घोड्याच्या नालाचा प्रकार. यातल्या 'सँडल'ला पायातली चप्पल समजून लिहिलेली उत्तरे कमी नाहीत. 'सिलियन'ची ओळ तर शेती माहीत असलेल्याला टिपेशिवायही उलगडते. शेतात दोन फेरे झाले की गंजलेला फाळ लखलखू लागतो.

आता एकेक प्रत.

१९१८ ची ब्रिजेसची आवृत्ती. हॉपकिन्स वारल्यावर एकोणतीस वर्षांनी त्याच्या मित्राने, तेव्हाच्या राजकवीने, ७५० प्रती छापल्या आणि त्या खपायला दशकभर लागले. स्वामित्वहक्क संपल्यामुळे ती नेटवर मोफत आहे. क्रमांक घातलेल्या ७४ रचना, त्यातल्या शेवटच्या बऱ्याचशा अपुऱ्या. १८७५ च्या आधीच्या फक्त तीन. पत्रे, रोजनिशी काही नाही, आणि आघाताच्या खुणा फारच थोड्या ठेवलेल्या. तरीही ती जवळ का ठेवावी? एक तर हॉपकिन्सची स्वतःची प्रस्तावना तिच्यात आहे. आणि दुसरे, ब्रिजेसच्या तक्रारी. त्याने टिपांच्या सुरुवातीला मित्राच्या दोषांची यादीच दिली आहे: संबंधी सर्वनाम गाळतो, शब्द नाम आहे की क्रियापद हे कळू देत नाही, आणि असेच बरेच. यादी रागाने लिहिली असली तरी अडलेल्या ओळीवर ती रामबाण आहे. 'ओ हीरो सेव्हेस्ट' या त्यानेच दिलेल्या उदाहरणात मधला 'दॅट' गायब आहे: हे वीरा, जो तू तारतोस. हॉपकिन्सची ओळ समजेना की आधी गाळलेला 'जो' शोधावा. दहापैकी निम्म्या वेळा गाठ तिथेच असते. 'डॉइचलँड'बद्दल ब्रिजेस म्हणतो की ही कविता दारात वेटोळे घालून बसलेल्या अजगरासारखी वाट अडवते, तेव्हा आधी वळसा घालून पुढे जावे आणि मग मागून तिच्यावर चाल करावी. अभ्यासाचा क्रम म्हणून हा सल्ला आजही चोख आहे.

पेंग्विन १९५३ पासूनची. गार्डनरने हॉपकिन्सवर दोन खंडांचा अभ्यास आधीच लिहिलेला होता, त्यामुळे प्रस्तावना छंदाच्या बाबतीत भरवशाची. कवितांची निवड आहे, सगळ्या नाहीत, आणि निम्म्याच्या आसपास गद्य. वर्गातल्या सगळ्या नेहमीच्या कविता मिळतात. कमतरता दोन. ऑक्सफर्डात विद्यार्थी असतानाच्या रचना जेमतेम आहेत, त्यामुळे हा कवी कीट्सच्या छायेतून कसा बाहेर पडला ते दिसत नाही. आणि कवितांची छापलेली संहिता जुनी आहे. हस्तलिखितांवरचे मोठे काम त्यानंतर झाले. नेट-सेटच्या तयारीला पेंग्विन पुरते. प्रबंधाला नाही.

ऑक्सफर्डची 'द मेजर वर्क्स' आधी १९८६ मध्ये 'ऑक्सफर्ड ऑथर्स' मालिकेत आली, मग २००२ मध्ये वर्ल्ड्स क्लासिक्समध्ये. कविता कालक्रमाने लावल्या आहेत आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण. १८६८ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाताना हॉपकिन्सने आपल्या कविता जाळल्या. (आपल्याकडे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज काढणारा तोच हा संघ.) मग सात वर्षे जवळजवळ मौन, १८७५-७६ मध्ये 'डॉइचलँड', १८७७ मध्ये वेल्समध्ये सुनीतांचा सपाटा, १८८५ च्या सुमारास डब्लिनमधली ती काळीकुट्ट सुनीते. हा आलेख पाने उलटताना आपसूक दिसतो. भाषांतरेही आहेत. त्यात 'ओ देउस, एगो आमो ते' या लॅटिन स्तोत्राचे इंग्रजी रूप शोधून पाहावे. हे स्तोत्र परंपरेने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावावर सांगितले जाते, म्हणजे जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये ज्याचे शव ठेवले आहे तोच. परीक्षेला ते येणार नाही, पण साध्या छंदात हॉपकिन्स किती सरळ लिहू शकत होता ते तिथे कळते.

गद्याचा भाग टाळू नये, खरे तर तिथूनच सुरुवात करावी. 'इनस्केप' म्हणजे 'निसर्गसौंदर्य' असे बाजारातल्या गाइडांमध्ये ठोकून दिलेले असते. रोजनिशीतली मे १८७० ची ब्लूबेल फुलाची नोंद वाचली की ही व्याख्या टिकत नाही. त्या फुलाच्या रचनेत बळ आणि डौल कसे एकत्र आले आहेत, अ‍ॅश झाडात असतात तसे, हे तो सांगतो. म्हणजे वस्तूला तीच वस्तू करणारी तिची आतली घडण. ती घडण धरून ठेवणारा आणि पाहणाऱ्यापर्यंत पोचवणारा जोर म्हणजे 'इनस्ट्रेस'. हे दोन्ही शब्द त्याच्या १८६८ च्या, ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीजवरच्या टिपणांत आधीच आहेत. डन्स स्कोटस हा मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ त्याने १८७२ मध्ये वाचला. त्यामुळे 'स्कोटसकडून इनस्केप घेतले' हे वाक्य लिहिले तर परीक्षक चूक काढू शकतो. स्कोटसमुळे त्याला आपल्या कल्पनेला धर्मशास्त्राचा आधार मिळाला, एवढे म्हणावे.

पत्रांमध्ये ५ ऑक्टोबर १८७८ चे डिक्सन या कविमित्राला लिहिलेले पत्र पाहावे. त्यात स्प्रंग रिदम समजावताना हॉपकिन्स बालगीते देतो. 'डिंग डाँग बेल' तीन अक्षरे, 'पुसीज इन द वेल' पाच अक्षरे, आणि दोन्हीकडे आघात तीनच. आपल्याकडच्या इंग्रजी बालवाडीतले मूलही हे टाळ्या वाजवून बरोबर म्हणते. वर्गात हा छंद शिकवायचा तर फळ्यावर खुणा काढण्याआधी हे गाणे म्हणून घ्यावे. पाच मिनिटांत काम होते.

'मेजर वर्क्स'च्या उणिवाही आहेत. टिपा सगळ्या पुस्तकाच्या शेवटी, त्यामुळे बोट सतत दोन ठिकाणी ठेवावे लागते. दोन रंगांच्या खुणपट्ट्या लावून ठेवल्या तर त्रास कमी. साडेचारशेच्या आसपास पाने आणि पुस्तक आटोपशीर ठेवलेले, म्हणून समास अरुंद. ओळींवर स्वतःच्या आघातखुणा करायला जागा कमी पडते. पातळ पेन्सिल वापरावी, शाई उमटते.

खुणांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कुठल्याच विद्यार्थी-आवृत्तीकडून मागू नये. 'हॅरी प्लाउमन' (१८८७) या कवितेच्या हस्तलिखितात हॉपकिन्सने सात निरनिराळ्या खुणा वापरल्या आणि त्यांची फोडही लिहून ठेवली: ठळक आघात, अक्षरावर रेंगाळणे, शंकेच्या जागीच दाखवलेला छंदाचा आघात, एका अक्षराला जवळजवळ दोन करणारा कंप, दोन अक्षरे जोडून एक करणे, तीन किंवा जास्त अक्षरे अर्ध्या गणाच्या वेळात बसवणे, आणि आउटराइड. हे जवळजवळ गायकाच्या वहीतले स्वरलेखन आहे. त्यासाठी नॉर्मन मॅकेन्झीची १९९० ची 'पोएटिकल वर्क्स' किंवा त्याने काढलेले हस्तलिखितांच्या प्रतिमांचे दोन खंड (१९८९ आणि १९९१) लागतात. विकत घेण्याची ही पुस्तके नव्हेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. मॅकेन्झीचेच १९८१ चे 'अ रीडर्स गाइड' कवितागणिक जाते आणि हात धरून नेते. ते मिळाले तर दुसऱ्या गाइडची गरज नाही.

कविता हाताळायची पद्धतही सांगून ठेवतो, कारण चांगली प्रत असूनही अभ्यास अडतो तो इथे. आधी ओळ मोठ्याने म्हणावी. 'कानांनी वाचा' असे हॉपकिन्सनेच ब्रिजेसला बजावले होते. मग नामे, मुख्य क्रियापदे, विशेषणे यांवर पेन्सिलने टिंब द्यावे. शब्दातला आघात नक्की नसेल तर शब्दकोश उघडावा, अंदाज करू नये. मराठी माध्यमातून आलेल्याच्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात. टिंबे अपेक्षित संख्येपेक्षा जास्त झाली तर शेजारशेजारच्या दोनांपैकी कुठले पडते घेते ते पाहावे. कमी झाली तर एकाक्षरी गण शोधावा, म्हणजे आघाताला आघात भिडलेली जागा. शेवटी छापलेल्या खुणांशी ताडून बघावे. सुनीताला तास-दीड तास लागतो. क्रम असा ठेवावा: 'पाइड ब्यूटी', 'स्प्रिंग अँड फॉल', 'गॉड्स ग्रँजर', मग 'विंडहॉवर' आणि 'फेलिक्स रँडल', त्यानंतर डब्लिनची सुनीते, आणि अजगर सर्वांत शेवटी. 'पाइड ब्यूटी' साडेदहा ओळींचीच का, याचे उत्तरही प्रस्तावनेत आहे: आठ आणि सहाचे सुनीत त्याच प्रमाणात पाऊणपट आखडले की सहा आणि साडेचार होतात.

डब्लिनच्या सुनीतांबद्दल एक सावधगिरी. ती मृत्यूनंतर सुट्या कागदांत सापडली. त्यांचा क्रम संपादकांनी लावलेला आहे आणि 'कॅरिअन कम्फर्ट' हे शीर्षक ब्रिजेसने दिलेले आहे. त्यामुळे 'कवी पहिल्या सुनीतापासून शेवटच्यापर्यंत निराशेतून आशेकडे जातो' असा प्रवास रचण्याआधी टिपेत हस्तलिखिताची माहिती पाहावी.

आणि संदर्भ देताना क्रमांक वापरू नयेत. 'विंडहॉवर' १९१८ च्या आवृत्तीत १२ वी आहे आणि १९६७ च्या चौथ्या आवृत्तीत ३६ वी. जुने समीक्षक नुसता आकडा देतात. तो कुठल्या आवृत्तीचा ते आधी पाहावे. आपल्या वहीत मात्र कवितेचे नाव आणि ओळीचा क्रमांक लिहावा. जुन्या बाजारात १९८६ ची प्रत स्वस्तात मिळाली तरी मग अडत नाही.